व्हीएलटीडी बसवताय? यंत्र चांगलं आहे, पण लॉगिन कुणाकुणाकडे आहे ते आधी विचारा

कोल्हापुरात आमच्या तीन पिवळ्या पाटीच्या गाड्या आहेत: एर्टिगा, इनोव्हा आणि १७ सीटर ट्रॅव्हलर. तिन्हींना व्हीएलटीडी, म्हणजे गाडी कुठे आहे हे सतत कळवणारं ट्रॅकिंग यंत्र आणि त्याची लाल पॅनिक बटणं बसवलेली आहेत. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. यंत्र म्हणून साडेचार द्यायला हरकत नव्हती. विकणाऱ्यांनी आमच्या गाड्यांच्या नोंदी ज्या ढिलाईने सांभाळल्या त्याचा एक गुण कापला आहे, आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्या कापलेल्या गुणाबद्दल आहे. बॅटरी, बटण, सर्व्हिस याबद्दल दुकानदार स्वतःहून सांगतो. तुमच्या गाडीचा महिनाभराचा नकाशा कोण कोण उघडू शकतो, हे कुणी सांगत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने आला. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना हे यंत्र सक्तीचं झालं. दुचाकी, तीनचाकी, ई-रिक्षा वगळून. एआयएस-१४० हे त्याचं मानक. यंत्राचा नंबर वाहन पोर्टलवर चढलेला नसेल तर पासिंगला अडकता. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीच्या त्या बसमध्ये जे झालं त्यानंतर सार्वजनिक वाहनांत बटण आणि ट्रॅकिंग हवं हा विचार जोर धरू लागला, आणि राज्यांना त्यासाठी निर्भया निधीतून पैसाही दिला गेला. मी स्वतः बाई आहे, रात्रीअपरात्री माझ्या गाड्यांतून एकट्या बायका-मुली बेळगाव, पुणे, गोव्याला जातात. त्यामुळे यंत्र नकोच म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. सक्ती नसती तरी मी ते बसवलं असतं.

बसवण्याबद्दल. यंत्र डॅशबोर्डच्या आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवतात. वायरमनने तीन वायरी ओढल्या: बॅटरी, अर्थ आणि इग्निशन. इग्निशनची वायर नीट जोडली नाही तर गाडी बंद असतानाही ॲपमध्ये चालू दिसते आणि यंत्र बॅटरी पीत राहतं. एर्टिगाला हेच झालं होतं, नंतर येऊन दुरुस्त केलं. ट्रॅव्हलरमध्ये बटणं सीटच्या अगदी खाली लावली होती, लहान मुलांच्या पायाला लागायची. ज्योतिबाच्या एका खेपेत पोरांनी दोन वेळा दाबली. मग ती खिडकीच्या वरच्या पट्टीवर घ्यायला लावली. बसवतानाच वायरमनला सांगा: बसलेल्या बाईचा हात पोचेल, पण पोराचा पाय लागणार नाही अशी जागा. आणि त्याच्यासमोर बटण दाबून बघा. अलर्ट स्क्रीनवर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

चालतं चांगलं. मानकाप्रमाणे धावत्या गाडीतून दर पाच सेकंदांनी नोंद पाठवण्याची क्षमता यंत्रात असावी लागते, गाडीची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीवर चार तास चालावं लागतं, आणि नेटवर्क नसताना ४०,००० नोंदी पोटात साठवता याव्या लागतात. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना आमच्या गाड्या ॲपवरून गायब होतात. वैभववाडीत रेंज आली की मधला सगळा रस्ता वळणावळणासकट भरून येतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. पावसाळ्यात रात्री घाटात गाडी असली की घरी झोप लागत नाही, ते ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना सांगायला नको.

ठिपका मात्र शंभर टक्के खरा मानू नका. महाद्वार रोडच्या दाटीत गाडी उभी असते एका गल्लीत आणि ॲप दाखवतं शेजारच्या गल्लीत. इमारती उंच आणि रस्ता अरुंद असला की असं होतं. ड्रायव्हरला शोधायला हा फरक किरकोळ आहे. पण अमुक रात्री गाडी अमुक घरासमोर होती असं कुणी म्हणायला लागलं, तर तो फरक मोठा आहे. आणि गाडी तिथे असली म्हणजे गाडीत कोण होतं हे ठिपक्याला माहीत नसतं.

आता प्लेबॅक. ॲपमध्ये तारीख टाकली की गाडी त्या दिवशी कुठून कुठे गेली ते नकाशावर पळत दाखवतं, आणि प्रत्येक थांब्यावर टाचणी येते: थांबा, पत्ता, किती वेळ. डिझेलचा हिशेब आणि ड्रायव्हरचा ओव्हरटाइम काढायला हे उत्तम आहे. पण एकदा निवांत बसून इनोव्हाचा एक महिना प्लेबॅकवर बघा. आमच्या एका पार्टीतल्या बाईंना दर आठवड्याला केमोला न्यायचो. घरातल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. प्लेबॅकवर तो प्रत्येक आठवडा दिसतो: गावातला पत्ता, हॉस्पिटलचा गेट, पाच तास थांबा, परत. त्याच महिन्यात एक जोडपं वकिलाकडे जाऊन आलं, एकजण निवडणुकीच्या बोलणीसाठी तीन गावं फिरला. यातल्या कुणीही मला यंत्राबद्दल विचारलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना गरजही वाटली नसणार. त्यांनी गाडी भाड्याने घेतली होती. त्यांचा महिना मात्र कुठल्यातरी सर्व्हरवर पडून आहे.

म्हणून मी डीलरला विचारलं की हे कोण कोण बघू शकतं. उत्तर मिळालं, "वहिनी, सगळं सेफ असतंय." खोदून विचारल्यावर कळलं ते असं. नोंदी सरकारी यंत्रणेकडे जातात, तो नियमच आहे. कंपनीकडे जातात. आणि डीलरच्या दुकानातल्या एकाच लॉगिनमधून त्याने विकलेल्या सगळ्या गाड्या लाइव्ह दिसतात. काउंटरवरचा पोरगाही तो स्क्रीन उघडतो. ग्राहकाचा पासवर्ड म्हणून गाडीचा नंबरच दिलेला असतो, जो गाडीवरच लिहिलेला आहे. सगळ्यात वाईट प्रकार ट्रॅव्हलरचा. ती आम्ही सेकंडहँड घेतली. कागद आमच्या नावावर झाले, परमिट झालं, यंत्राचा रिचार्ज आम्ही भरला, आणि जुन्या मालकाचं लॉगिन तसंच चालू राहिलं. तोही याच धंद्यातला. आमची गाडी कुठल्या पार्टीकडे उभी असते हे तो रोज बघत होता. दोन-तीन ठरलेली भाडी हातची गेल्यावर संशय आला. तक्रार केल्यावर लॉगिन बंद करायला कंपनीने जवळजवळ पंधरवडा घेतला. सेकंडहँड गाडी घेताना आरसी ट्रान्सफर करतो तसं यंत्राचं खातंही लेखी बदलून घ्या. जुनं बंद केल्याचा मेल मागा.

यात पोलिसांचा विषय कसा आला ते सांगते.

हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये चोरी झाली होती. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या टुरिस्ट गाड्यांच्या मालकांना फोन सुरू झाले. मला आलेला फोन सभ्य होता. "ताई, तुमच्या तिन्ही गाड्यांचं मागच्या महिन्याचं लोकेशन तेवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की. साहेबांनी मागवलंय." कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या दिवसाचं, असं विचारलं. ते साहेबांना माहीत. मी म्हटलं, पत्र द्या, लगेच देते. तेव्हा तो थोडा चिडला. लपवण्यासारखं काही नसेल तर पत्र कशाला, म्हणाला.

माझ्याकडे लपवण्यासारखं खरंच काही नव्हतं. पण त्या महिन्यात त्या केमोच्या बाई होत्या, वकिलाकडे गेलेलं जोडपं होतं. ते माझ्या हातातलं आहे म्हणून माझ्या मालकीचं होत नाही. आणि फोनवरच्या माणसालाही ते सगळं नको होतं. त्याला एक चोरी सोडवायची होती.

ओळखीच्या वकिलांना विचारलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ९४ प्रमाणे तपासासाठी कागद, वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद मागायची असेल तर न्यायालय समन्स काढू शकतं किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. पूर्वी हेच सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, ९१ मध्ये होतं. आदेश कागदावर असो की इलेक्ट्रॉनिक, चालतो. मोबाइलवर आला तरी हरकत नाही, पण तो आदेश हवा: कोणाचा, कोणत्या गुन्ह्यात, काय हवंय. तोंडी फोन हा आदेश नाही.

दोन दिवसांनी पत्र आलं. ठाण्याचा शिक्का, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम. आणि मागणी? एक गाडी, एर्टिगा. एक रात्र, अकरा ते तीन. तीन गाड्यांचा अख्खा महिना होता तो चार तासांवर आला, कारण लिहायला बसल्यावर अधिकाऱ्याला स्वतःलाच ठरवावं लागलं की नक्की काय पाहिजे. त्याच संध्याकाळी दिलं. त्या रात्री एर्टिगा नरसोबाच्या वाडीला भक्तनिवासाच्या पार्किंगमध्ये होती, आमचा ड्रायव्हर पार्टीला पहाटेच्या काकड आरतीला घेऊन गेला होता. त्याचं नाव तिथेच यादीतून गेलं. म्हणजे यंत्राने आमच्या माणसाला वाचवलं, हेही इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. नुसता स्क्रीनशॉट मात्र कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते कंपनीने दोन दिवसांत दिलं. याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

कागदाने मागणी आकसते, हे मला त्या दिवशी समोर दिसलं. नंतर वाचताना कळलं की अमेरिकेत नेमक्या याच गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. वॉशिंग्टनमधला अँटोइन जोन्स नावाचा नाईटक्लब मालक, अमली पदार्थांच्या तपासातला संशयित. गाडी बायकोच्या नावावरची जीप. कोर्टाने यंत्र लावायला परवानगी दिली होती ती दहा दिवसांत आणि वॉशिंग्टनच्या हद्दीत. पोलिसांनी लावलं अकराव्या दिवशी, मेरीलँडमध्ये, आणि गाडीवर २८ दिवस नजर ठेवली. दोन हजारांहून जास्त पानांच्या नोंदी जमल्या. २३ जानेवारी २०१२ ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी जोन्सच्या बाजूने निकाल दिला. माणसाच्या गाडीला यंत्र चिकटवून तिच्यावर नजर ठेवणं ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती सोटोमायर यांनी वेगळं मत जोडून लिहिलं की अशा नोंदीतून माणसाचा मानसोपचारतज्ज्ञ, वकील, प्रार्थनास्थळ, युनियनची बैठक सगळं उघडं पडतं. इनोव्हाच्या प्लेबॅकवर मी तेच बघितलं होतं.

आपल्याकडे हा वाद त्याहून जुना आहे. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाच्या माणसावर पोलीस पाळत होती. पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमाप्रमाणे रात्री घरी येऊन बघणं, घरावर गुपचूप पहारा, आणि तो गावाबाहेर कुठे जातो-येतो याची शिपाई व चौकीदारांमार्फत नोंद. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाणं रद्द केलं, जाण्यायेण्याची नोंद ठेवणं मात्र चालू दिलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्याला विरोध नोंदवला होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं आणि १९६२ च्या निकालातला खाजगीपणा नाकारणारा भाग मोडीत काढला. सरकारला त्यात शिरायचं असेल तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपुरतंच शिरायला हवं. गोडाऊनच्या चोरीसाठी तीन गाड्यांचा महिना ही तिसरी अट कशी पूर्ण करतो, हा प्रश्न फोन आला तेव्हा मला नीट मांडता आला असता तर बरं झालं असतं.

सगळ्यात जवळचा निकाल ८ जुलै २०२४ चा. फ्रँक व्हायटस हा नायजेरियन आरोपी, अमली पदार्थांचं प्रकरण. दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना अट घातली की त्याने गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावरच्या आरोपीच्या खाजगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावू देणारी अट घालता येत नाही, असं सांगितलं. आरोपीला एवढं संरक्षण आहे. माझ्या गाडीत बसून हॉस्पिटलला जाणाऱ्या बाईंवर तर कुठलाच आरोप नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे फार कामाला येईल असं समजू नका. गुन्ह्याचा तपास, प्रतिबंध यासाठी त्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण डीलरच्या काउंटरवरच्या त्या उघड्या स्क्रीनला कुठली तपासाची सूट मिळणार नाही, एवढं नक्की. यंत्र विकणाऱ्यांनी आत्तापासून सुधारावं.

ड्रायव्हरांबद्दल थोडं. आमचे दोघे ड्रायव्हर गाडी रात्री घरी नेतात. म्हणजे त्यांचं घर, सासुरवाडी, दवाखाना हे सगळं माझ्या फोनवर. त्यांना बसवून दाखवलं की काय काय दिसतं. एकजण म्हणाला, "वहिनी, ड्यूटी संपल्यावर तरी बघू नका." रास्त आहे. ड्यूटी संपल्यावर मी आता फक्त गाडी हलली तर अलर्ट येईल एवढंच ठेवलंय. ॲपमध्ये ती सोय आहे, सेटिंगमध्ये खोल लपलेली, पण आहे. आणि गाडीत दरवाज्याच्या आत छोटं स्टिकर लावलंय: या गाडीत ट्रॅकिंग यंत्र आहे, नोंद मालकाकडे, कंपनीकडे आणि सरकारी यंत्रणेकडे जाते. काही पार्ट्या वाचतात, विचारतात. आजवर एकाही पार्टीने त्यामुळे गाडी नाकारलेली नाही.

सर्व्हिस बरी. फोन उचलतात, माणूस त्याच आठवड्यात येतो. रिन्यूअलचे पैसे दरवर्षी जास्तच वाटतात आणि आत नक्की काय मिळतं याची फोड बिलावर नसते.

इनोव्हाचं रिन्यूअल जूनमध्ये आहे. मी डीलरला तीन गोष्टी मेलवर मागितल्या आहेत: आमच्या गाड्या बघू शकणाऱ्या लॉगिनची यादी, जुन्या नोंदी किती महिन्यांनी पुसतात त्याचा आकडा, आणि पोलिसांकडून मागणी आली तर लेखी आदेशाशिवाय देणार नाही व दिल्यास मालकाला कळवाल, असं एका ओळीचं पत्र. पहिल्याचं उत्तर आलंय: दुकानाचं कॉमन लॉगिन बंद करून माणसागणिक वेगळं केलं आहे. उरलेल्या दोन्हींचं आलं की इथे लिहीन, आणि कापलेला गुण परत देईन.